नव्या सर्व्हरआधी नेटवर्क कार्ड तपासा

संपादक महोदय,

सर्व्हर मंदावला की नवे यंत्र घेण्याची भाषा सुरू होते. त्याला नेटवर्कशी जोडणाऱ्या नेटवर्क कार्डाच्या सेटिंगकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहत नाही. आमच्या कार्यालयात पिंगला (जोडणी तपासणाऱ्या छोट्या संदेशाला) उत्तर तत्काळ मिळे, पण मोठी फाइल पाठवताच वेग कोलमडे. शोधाअंती असे दिसले की, स्विचच्या (यंत्रे एकमेकांना जोडणाऱ्या उपकरणाच्या) पोर्टवर १०० मेगाबिट वेग, फुल डुप्लेक्स (एकाच वेळी पाठवणे आणि घेणे) असे कायमचे ठरवून ठेवले होते आणि सर्व्हरचे कार्ड ऑटोवर, म्हणजे समोरच्या टोकाशी जुळवून आपोआप ठरवण्यावर, होते. अशा वेळी कार्डाला समोरचा वेग ओळखता येतो, डुप्लेक्स नाही, म्हणून ते नियमानुसार हाफ डुप्लेक्स (एका वेळी फक्त पाठवणे किंवा फक्त घेणे) धरते. कार्डावरचा ‘लेट कोलिजन’चा (उशिरा झालेल्या टकरींचा) आणि स्विचवरचा सीआरसी चुकांचा (बिघडून पोहोचलेल्या डेटाचा) आकडा आमच्या डोळ्यांदेखत वाढत होता. दोन्ही टोके ऑटोवर आणताच तक्रार मिटली. एमटीयूचेही, म्हणजे पॅकेटच्या (डेटाच्या एका तुकड्याच्या) कमाल आकाराचेही तसेच: सर्व्हरवर ९००० बाइट आणि वाटेतल्या स्विचवर १५०० असेल, तर लहान पॅकेट सुखरूप पोहोचतात, मोठी मात्र गडप होतात.

हे बदल दूरस्थ जोडणीवरून शक्यतो करू नयेत. ती त्याच कार्डावरून चालत असेल, तर बदल करताना तुटू शकते आणि मग पुढचे काम सर्व्हरसमोर उभे राहूनच करावे लागते.

– एक सिस्टीम ॲडमिनिस्ट्रेटर