निळ्या केबलवरचे तीन उंचवटे

काका,

परवा कार्यक्रम संपल्यावर सामान भरायच्या गडबडीत तुमच्याशी धड बोलताच आलं नाही. तेव्हापासून मनात तेच घोळतंय. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर.

आमच्या बँडकडे आठ रंगांच्या आठ माइक केबल होत्या. विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, "स्टेजवर याच चालतात, वर्षानुवर्षं बघायला नको." चौथ्याच कार्यक्रमात ड्रमवरचा कंडेन्सर माइक, म्हणजे वीज मिळाली तरच चालणारा, बंद पडला. तीच केबल गायकाच्या डायनॅमिक, म्हणजे विजेशिवाय चालणाऱ्या माइकला लावली तर सुरू! मग माइकच गेला असं सगळ्यांनी ठरवलं. नवा आणला, तोही मुका. कोणी म्हणालं मिक्सर बदला, कोणी म्हणालं माइक नकली आहे. विकणाऱ्याने तर केबलला हातही न लावता "तुम्हीच ओढल्या असतील" म्हणून वाटेला लावलं.

तुम्ही मात्र केबल हातात घेतलीत. कनेक्टरच्या मानेपाशी जरा वाकवून पाहिलीत आणि म्हणालात, "एक नंबरच्या पिनची तार आतून तुटलीय." ती तार म्हणजे शील्ड, आतल्या तारांभोवतीचं धातूचं वेष्टण. ती तुटली की मिक्सरकडून त्याच केबलमधून माइकला मिळणाऱ्या ४८ व्होल्टच्या विजेचा, म्हणजे फँटम पॉवरचा, परतीचा रस्ताच बंद होतो, म्हणून कंडेन्सर गप्प. डायनॅमिकला ती पॉवर लागतच नाही, तो दोन आणि तीन नंबरच्या पिनांच्या जोरावर बोलत राहतो. महिनाभर ज्याच्यापायी आम्ही एकमेकांवर चिडत होतो, ते तुम्ही दोन वाक्यांत उलगडलंत. कनेक्टर साच्यात ओतलेला होता, त्यामुळे उघडून पुन्हा सोल्डर करायचीही सोय नव्हती.

नवीन केबल घेताना तुम्ही सांगितलेलं सगळं पाळलं. फॉइलची शील्ड एका जागी कायम बसवलेल्या वायरिंगला ठीक, पण रोज गुंडाळायच्या केबलमध्ये ती चिरते. नुसती एका दिशेने गुंडाळलेली शील्ड वाकवल्यावर फाकते. विणलेली शील्ड मात्र दाट असेल तर टिकते. कनेक्टर उघडता येणारा हवा आणि त्यातल्या पकडीने बाहेरचं आवरण घट्ट धरायला हवं, म्हणजे कोणाचा पाय अडकला तरी ओढ आवरणावर येते, सोल्डरवर नाही. आणि केबल काळीच घ्यायची, रंग फक्त दोन्ही टोकांच्या रिंगांना. हे मला फार पटलं. अख्खी केबल रंगीत असली की ती एकाच कामाला बांधली जाते. रिंग काय, उद्या चॅनल बदललं की बदलता येते.

पण काका, हे पत्र शील्डसाठी नाही.

मला लाल, हिरवा आणि तपकिरी नीट वेगळे दिसत नाहीत. बँडमध्ये हे कोणालाच सांगितलं नव्हतं. पूर्वीच्या एका साउंडवाल्याने भर स्टेजवर, माइकवरून मला विचारलं होतं, "हिरवी सांगितली ना, दिसत नाही का?" खरंच दिसत नव्हती. सगळे हसले. तेव्हापासून पॅचिंगच्या, म्हणजे कोणती केबल कुठे ते जोडायच्या वेळी मी काहीतरी निमित्त काढून बाजूला होत असे.

तुमच्यासमोर मी दोनदा चुकीची केबल उचलली. तुम्ही पाहिलंत आणि काही बोलला नाहीत. कार्यक्रमानंतर कोपऱ्यात बसून एकटेच काहीतरी करत होता. लाल-हिरव्या रिंगा काढल्यात, चार गायकांच्या केबलना पिवळ्या आणि चार वाद्यांच्या केबलना निळ्या घातल्यात. मग प्रत्येकीच्या दोन्ही टोकांशी मेणाच्या दोऱ्याचे घट्ट वेढे दिलेत, एक, दोन, तीन, चार, आणि वर पारदर्शक हीट श्रिंक, म्हणजे गरम केलं की आवळून बसणारी नळी, बसवलीत. मला बोलावून एक टोक हातात दिलंत.

"डोळे मीट. किती?"

"तीन."

"मग जा, निळी तीन लाव."

एवढंच. ना चौकशी, ना सहानुभूतीचं भाषण. ड्रमर विचारायला आला की रंग का बदलले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "स्टेजवर लाल लाइट पडला की लाल आणि पांढरी कोणालाच वेगळी दिसत नाही. अंधारात तर सगळे सारखेच." ते खरंच होतं, म्हणून माझं नाव घ्यायची वेळच आली नाही. त्या क्षणी घसा दाटून आला होता आणि मी उगाच केबल गुंडाळत बसलो होतो.

कामात हुशार माणसं बरीच भेटतात. पण दुसऱ्याची उणीव लक्षात आल्यावर त्याला कमीपणा येऊ न देता वस्तूच बदलून टाकणारी माणसं मी फार कमी पाहिली आहेत. तुम्हाला कोणी पैसे दिले नव्हते त्या कामाचे. घरी जायला उशीरही झाला असणार.

काल सरावाला पॅचिंग मी केलं. आठच्या आठ, एकट्याने. एका गाण्यात लाइट पूर्ण बंद होतात आणि तेवढ्यात गिटारचा माइक बदलायचा असतो. बोट फिरवलं, दोन वेढे लागले, केबल खेचली. गिटारवाला आधीच्याच ठोक्यावर वाजवत राहिला.

तुमच्या दोऱ्याचा गुंडा माझ्याकडेच राहिलाय. पुढच्या वेळी घेऊन येतो.

तुमचा,
निळी तीन लावणारा