घरी सीएनसी (संगणकाच्या हुकमावर कापणारं) मिलिंग मशीन बांधायला निघालेल्या मित्रास

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आणि सोबतचं कच्चं चित्र मिळालं. टेबल १२०० बाय ९०० मिमी, झेडची (म्हणजे कटरची वर-खाली) चाल २०० मिमी, आणि खाली एकच प्रश्न: मोटर किती टॉर्कची (फिरवण्याच्या जोराची) घेऊ? मोटरकडे येईनच, पण आधी खोडरबर घे आणि ते चित्र अर्ध्याहून लहान कर.

कारण साधं आहे. दोन टोकांवर टेकलेली तुळई मध्ये किती लवते हे लांबीच्या घनावर ठरतं. गॅन्ट्री, म्हणजे कटर वाहणारी टेबलावरची आडवी तुळई, दुप्पट रुंद केलीस की त्याच जोराला ती आठपट लवणार. झेडचंही तेच: कटरचं टोक गॅन्ट्रीपासून जितकं खाली लोंबेल तितका तरफेचा दांडा लांब होतो आणि गॅन्ट्रीला पीळ बसतो. तुला प्लायवुड आणि ॲल्युमिनियम दोन्ही कापायचंय. प्लायवुड बऱ्याच चुका पोटात घालतं, ॲल्युमिनियम एकही घालत नाही. ४०० बाय ३०० मिमीचं कामाचं क्षेत्र आणि झेडला ९० मिमी चाल पुरे. क्वचित येणाऱ्या मोठ्या कामासाठी मशीन कायमचं ढिलं करून ठेवण्यात अर्थ नाही.

आता गॅन्ट्री. ॲल्युमिनियमची लवचिकता पोलादाच्या साधारण तिप्पट, म्हणजे त्याच मापाचा सेक्शन तिप्पट लवतो. तू ४० बाय ८० चं ॲल्युमिनियम एक्स्ट्रुजन (साच्यातून दाबून काढलेला खाचांचा दांडा) दाखवलंयस. जोडायला सोपं, दिसायला देखणं, पण एकटं कमी पडेल. कापताना गॅन्ट्रीवर वरून वजन फारसं येत नाही, येतो तो आडवा धक्का आणि पीळ. पिळाला बंद चौकोनी पाइप सगळ्यांत चांगला, आणि अँगल किंवा चॅनलसारखा उघडा सेक्शन अगदीच दुबळा. १०० बाय १०० चा, ५-६ मिमी जाडीचा लोखंडी चौकोनी पाइप घे. वजनाची काळजी करू नकोस. वजन इथे मित्रच आहे, ते कंपन गिळतं.

फ्रेम वेल्ड केलीस तर ती थंड होताना ओढली जाणार, हे धरूनच चाल. वेल्ड एका बाजूला सलग मारू नको. समोरासमोर टाके घाल आणि मगच भर. तरीही रेल (ज्यांवर अक्ष सरकतो ते रूळ) बसायच्या पृष्ठभागात अर्ध्या मिमीचा फरक सहज राहील. मोठ्या मिलिंग मशीनवर फेस मारून (पृष्ठभाग सपाट कापून) घेणं उत्तम. ते जमणार नसेल तर पातळ, सावकाश जमणारं इपॉक्सी ओतून पातळी करता येते. दोन्ही रेलच्या पट्ट्यांना कडेने बांध घाल आणि दोन्ही पाट मध्ये एका आडव्या नालीने जोड. ही नाली विसरलास तर दोन्ही बाजू स्वतंत्रपणे सपाट होतील, पण एकाच पातळीत येणार नाहीत. आधी फ्रेम साध्या लेव्हलने जमेल तितकी सपाट ठेव, मग ५-६ मिमी खोल भर, वर झाकण टाक आणि दोन दिवस हातही लावू नको. कडेला इपॉक्सी बांधावर चढतं, त्यामुळे पाट रेलपेक्षा दोन्ही बाजूंनी १५ मिमी तरी जास्त रुंद हवा. प्रमाण वजनावर मोज, अंदाजाने नको. चुकलं तर ते महिनाभरही चिकटच राहतं.

रेलसाठी गोल दांड्या घेऊ नकोस. फक्त टोकांना धरलेली १२ मिमीची दांडी मध्ये लवते आणि खालून आधार असलेल्या गोल रेलचे ब्लॉक (रेलवर सरकणारे ठोकळे) ओढलं की उघडतात. १५ मिमी रुंदीची एचजीआर १५ चौकोनी रेल तुझ्या मापाला पुरेशी आहे. तिला दर ६० मिमीवर एम४ बोल्ट लागतो. तिन्ही अक्षांच्या सहा रेल मिळून पंचेचाळीस-पन्नास आटे पाडावे लागतील. ३.३ मिमीचं ड्रिल, टॅपला तेल, आणि प्रत्येक अर्ध्या फेरीनंतर उलटा पाव फेरा. एम४ चा टॅप भोकात तुटला तर काढणं महाकठीण. सगळी भोकं मोजून पाडू नकोस. रेलच पट्टीसारखी ठेव, टोकाचं एक भोक पाडून बोल्ट लाव आणि बाकीच्या खुणा रेलच्या भोकांतूनच घे.

एक रेल आधी सरळपट्टीला टेकवून पक्की कर, ती मालकीण. दुसरी रेल तिच्या मागे चालते. तिचे बोल्ट नुसते अडकव, गॅन्ट्री बसव, एका टोकाकडून दुसरीकडे सरकवत जा आणि ती जिथे असेल तिथलाच बोल्ट थोडा आवळ. दोन-तीन फेऱ्यांत सगळे घट्ट कर. मध्येच कुठे गॅन्ट्री जड लागली तर जोर लावू नको, ते बोल्ट सोड आणि पुन्हा कर. ब्लॉक रेलवरून काढताना सोबत आलेला प्लास्टिकचा तुकडा टोकाला लाव, नाहीतर ब्लॉकमधल्या गोळ्या जमिनीवर शोधत बसशील.

अक्ष ढकलायला १६०५ चा बॉलस्क्रू (नटातल्या गोळ्यांवर फिरणारा स्क्रू) घे: १६ मिमी व्यास, ५ मिमी लीड, म्हणजे एका फेऱ्यात नट ५ मिमी सरकतो. त्याला टोकांना बीके १२ आणि बीएफ १२ चे आधार (बेअरिंगचे ठोकळे) लागतात. बॉलनट स्क्रूवरून कधीही पूर्ण बाहेर काढू नको. काढायचाच असेल तर स्क्रूच्या गाभ्याच्या मापाची नळी टोकाला लावून तिच्यावर सरकव. स्क्रूला लांबीच्या दिशेने फक्त मोटरच्या बाजूला, बीकेमध्ये, धरायचं. दुसरं टोक मोकळं सरकू दे. ६०० मिमीचं पोलाद १५ अंशांनी तापलं तर ०.१ मिमी वाढतं, आणि दोन्ही टोकं आवळलेली असतील तर ती वाढ बेअरिंगच्या मुळावर येते. स्वस्त बीकेमध्ये कधीकधी लांबीच्या दिशेचा जोर पेलणाऱ्या अँग्युलर काँटॅक्टऐवजी साधी बेअरिंग निघतात. स्क्रू हाताने ढकलून ओढल्यावर डायलचा (बारीक हालचाल मोजणाऱ्या घड्याळाचा) काटा हलला तर आधी तीच बदल.

आता तुझी मोटर. ५ मिमी लीडच्या बॉलस्क्रूला १ न्यूटन-मीटर टॉर्क दिलास तर पुढे सुमारे १,१०० न्यूटन जोर मिळतो, म्हणजे शंभर किलोंहून जास्त धक्का. तुझा ३ मिमीचा कटर त्याच्या कितीतरी आधी मोडेल. १.९ न्यूटन-मीटरची नेमा २३ मापाची स्टेपर (टप्प्याटप्प्याने फिरणारी) मोटर वेगात अर्धा टॉर्क गमावूनही भरपूर उरते. टॉर्कच्या आकड्यापेक्षा इंडक्टन्स (वाइंडिंगचा विजेच्या बदलाला होणारा विरोध) बघ. तो २ ते ४ मिलिहेन्रीच्या आसपास असू दे. जास्त असला की फेरे वाढले की मोटर गळते. मोटरला वीज पुरवणारा डीएम ५४२ ड्रायव्हर ५० व्होल्टपर्यंत चालतो, पण ४८ चा सप्लाय लावू नको. मोटर झपकन थांबताना वीज उलटी फेकते आणि तेवढ्याने मर्यादा ओलांडली जाते. ३६ व्होल्ट ठीक. आणि सप्लाय चालू असताना मोटरची वायर काढू नको, ड्रायव्हर जागच्या जागी जातो.

मायक्रोस्टेप, म्हणजे मोटरच्या एका स्टेपचे तुकडे, ८ ठेव. फेऱ्याच्या २०० स्टेप गुणिले ८ भागिले ५ मिमी लीड, म्हणजे मिमीला ३२० पल्स. जीआरबीएलमध्ये (मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) $१००, $१०१ आणि $१०२ या सेटिंगना हाच आकडा. मिनिटाला ३,००० मिमी वेगाला सेकंदाला १६,००० पल्स लागतात. साध्या आर्डुइनो उनो बोर्डावरचं जीआरबीएल ३०,००० पर्यंत देतं, तेव्हा निभतं. ३२ मायक्रोस्टेप केलेस तर त्याच वेगाला ६४,००० हवेत आणि तिथे ते कोलमडतं. अचूकताही वाढत नाही, वाढतो तो फक्त आकडा.

एक दोष शोधायला फार छळतो, म्हणून आधीच सांगतो. जॉब कापताना एखादा अक्ष हळूहळू एकाच दिशेला घसरत जातो, पण मोटर कुठेही अडखळल्याचा आवाज नाही. अशा वेळी ॲक्सेलरेशन कमी करत बसण्याआधी स्टेप पल्सची उलटसुलट बाजू तपास. ती चुकली असेल तर दिशा बदलताना एक पल्स हरवतो. तो फक्त ०.००३ मिमीचा, पण कोरीवकामात तीनशेवेळा दिशा बदलली की मिमीभर फरक पडतो. जीआरबीएलचं $२ सेटिंग बदलून बघ. खरोखर स्टेप चुकत असतील तर घसरण अशी नियमित नसते. एकदम उडी दिसते आणि बहुतेकदा कर्र असा आवाजही येतो.

स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) १.५ किलोवॅटचा, ईआर ११ कोलेटचा (कटर धरणाऱ्या पकडीचा) पुरे. त्यात ७ मिमीपर्यंतचा कटर बसतो. हा ४०० हर्ट्झला मिनिटाला २४,००० फेरे फिरतो, तेव्हा व्हीएफडीमध्ये (स्पिंडलचा वेग ठरवणाऱ्या वीजयंत्रात) बेस आणि कमाल दोन्ही फ्रिक्वेन्सी ४०० भरल्याशिवाय स्पिंडल चालूच करू नको. कारखान्यातून ५० हर्ट्झचं सेटिंग आलेलं असेल तर कमी फेऱ्यांवर पूर्ण व्होल्टेज जातं आणि वाइंडिंग जळतं. ६,००० फेऱ्यांवर शक्तीही पावच उरते, म्हणून मोठं भोक पाडायचा मोह नको.

व्हीएफडी हा विजेच्या गोंगाटाचा कारखाना आहे. स्पिंडलची केबल शिल्डेड घे आणि लिमिट स्विचच्या (अक्ष टोकाला पोचला की मशीन थांबवणाऱ्या) वायरींपासून लांबून ने. स्विच नॉर्मली क्लोज्ड (एरवी जोडलेले) लाव, म्हणजे वायर तुटली तर मशीन थांबेल, धडकणार नाही. फ्रेम, गॅन्ट्री आणि व्हीएफडीचं अर्थिंग एकाच बिंदूला आण. स्पिंडल चालू केल्याबरोबर ‘लिमिट’चा अलार्म येऊ लागला तर स्विचला शिव्या देऊ नको, वायरिंग बघ. लाल मशरूम बटण स्पिंडल आणि मोटर या दोन्हींची वीज तोडणारं हवं. फक्त सॉफ्टवेअरला निरोप देणारं बटण नेमकं सॉफ्टवेअर अडकल्यावर कुचकामी. आणि बंद केल्यावरही व्हीएफडीच्या कपॅसिटरमध्ये वीज काही मिनिटं राहते, लगेच झाकण उघडू नको.

मशीन हललं की लगेच कापायला घेशील, म्हणून क्रम सांगतो. आधी गॅन्ट्री गुण्यात (काटकोनात) आण. ३०० मिमी चौरसाच्या चार कोपऱ्यांना भोकं पाड, पिना घाल आणि दोन्ही कर्ण मोज. फरक ०.४ मिमी आला तर ३०० मिमीत सुमारे ०.२८ मिमी तिरकं आहे. मग स्पिंडल झेडच्या चालीला समांतर कर, मग टेबलाला काटकोनात: कोलेटमध्ये वाकडा दांडा धरून त्याला डायल लाव आणि हाताने फिरव. १०० मिमीत ०.०२ च्या आत आलं की थांब. टेबलाचा वरचा थर सर्वांत शेवटी कटर फिरवून सपाट करायचा. आधी केलास तर तिरकेपणा जाणार नाही, तो पायऱ्यांच्या रूपाने टेबलावर छापला जाईल. १०० मिमीत ०.१ चा तिरकेपणा असला तर २५ मिमीच्या कटरच्या दोन फेऱ्यांमध्ये ०.०२५ मिमीची पायरी येते, नखाला लागते.

बॅकलॅश, म्हणजे दिशा बदलताना वाया जाणारी ढिली चाल, मोजताना डायल टेबलावर लाव, अक्ष एका दिशेने आणून शून्य कर, त्याच दिशेने ०.१ पुढे ने आणि ०.१ मागे आण. परत शून्य आलं नाही तर जितकं उरलं तितका बॅकलॅश. तो असेल तर आधी कपलिंगचे (मोटर आणि स्क्रू यांच्या जोडाचे) ग्रब स्क्रू तपास, मग बीकेचा लॉकनट, मग नटाच्या ब्रॅकेटचे बोल्ट. बॉलनटवर आळ शेवटी घे. सॉफ्टवेअरमधून भरपाई करायच्या फंदात पडू नको. मोटर भरपाई करते खरी, पण कटरने जॉब ओढला की ती फट पुन्हा उघडते. ताठपणाही तपास: स्प्रिंग काट्याने स्पिंडलचं नाक १० किलो जोराने ओढ आणि डायल वाच. ०.०५ च्या आत असेल तर ॲल्युमिनियमला हात घाल, ०.२ असेल तर प्लायवुडच बरं. बॅकलॅश असेल तर काटा आधी टुणकन उडी मारतो. फ्रेम लवत असेल तर जोराबरोबर सावकाश सरकतो आणि सोडल्यावर परत येतो. दोघांवरचे उपाय वेगळे, म्हणून गल्लत नको.

पहिला ॲल्युमिनियम कापताना ३ मिमीचा एकाच धारेचा कटर, १८,००० फेरे, दर फेऱ्याला ०.०३ मिमी: फीड (कटर पुढे सरकण्याचा वेग) मिनिटाला ५४० मिमी. खोली ०.३ पासून सुरू कर. कीस सुटा आणि टोकदार पडायला हवा. भीतीने फीड २०० वर आणलंस तर कटर कापणार नाही, घासेल, तापेल, आणि ॲल्युमिनियम धारेला चिकटून कटर मोडेल. हवेने कीस उडवत राहा, कापलेला कीस पुन्हा कापला की धार गेलीच. डोळ्यांवर चष्मा हवा, आणि फिरत्या कटरजवळ हातमोजे अजिबात नकोत.

नवीन चित्र पाठवशील तेव्हा झेडच्या प्लेटची जाडी, तिच्यावरच्या ब्लॉकमधलं अंतर आणि गॅन्ट्रीच्या खालच्या कडेपासून कटरच्या टोकापर्यंतचं माप न विसरता लिही. मोटर कोणती ते लिहिलं नाहीस तरी चालेल.

तुझा,
मित्र