एजंट कोणाचा, हे आधी विचारा

संपादक महोदय,

तुमच्या प्रॉपर्टीच्या पानावर कर्ज, व्याजदर, कागदपत्रं सगळं येतं, पण घर दाखवणारा एजंट मुळात कोणासाठी काम करतोय यावर मी तरी कधी काही वाचलं नाही, म्हणून हे पत्र.

आम्ही घर शोधत होतो तेव्हाची गोष्ट. एजंट एकदम गोड माणूस, स्वतःच्या गाडीतून फिरवायचा, आणि मी बावळटासारखी परत येताना त्याला सांगून मोकळी झाले की घर फार आवडलंय, आम्हाला घाई आहे आणि वेळ पडली तर अजून थोडं ताणू. दुसऱ्या दिवशी मालकाचा निरोप, किंमत अजिबात कमी होणार नाही. होईल कशाला? नंतर कळलं की तो मालकाने नेमलेला एजंट होता. बरं, त्याने फसवलं असंही म्हणवत नाही, ज्याचं काम घेतलं त्याच्या बाजूने तो वागला, त्याला आपला माणूस आम्ही समजून बसलो.

विकणाऱ्याचा एजंट मालकाला चांगली किंमत मिळवून द्यायला बांधलेला असतो, तुमचं गुपित पोटात ठेवायला नाही. घेणाऱ्याने स्वतःचा एजंट नेमला तर तो तुमच्या बाजूने घासाघीस करतो, घरातल्या उणिवा दाखवतो. खरी गडबड तिसऱ्या प्रकारात, एकच माणूस दोघांचाही. तो तुम्हाला मालक किती खाली येईल ते सांगू शकत नाही आणि मालकाला तुम्ही किती वर जाल ते, म्हणजे ज्या सल्ल्यासाठी पैसे मोजायचे तोच मिळणार नाही, कमिशन मात्र दोन्हीकडून घेता येतं! कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात २०१८ पासून हे जवळपास बंदच केलंय, दुर्गम भागापुरता अपवाद ठेवून. काही ठिकाणी एकाच कंपनीतले दोन वेगळे एजंट दोन बाजूंना देतात, ते त्यातल्या त्यात बरं, पण दोघांचा साहेब एकच हे विसरू नका. आणि कोणाचीच बाजू न घेता फक्त व्यवहार पार पाडणारेही असतात, त्यांच्याकडून सल्ल्याची अपेक्षाच ठेवू नये.

त्यामुळे पहिलं घर बघायच्या आधीच विचारायचं, तुम्ही कोणाचे, पैसे कोण देणार, आणि उत्तर लेखी घ्यायचं. अमेरिकेत रिअल्टर्सच्या, म्हणजे घरांच्या एजंटांच्या, राष्ट्रीय संघटनेवरच्या खटल्यातल्या तडजोडीनंतर १७ ऑगस्ट २०२४ पासून तिच्याशी जोडलेल्या एजंटांना घर दाखवण्याआधी घेणाऱ्याशी लेखी करार करावा लागतो आणि कमिशनचा आकडा त्यात स्पष्ट लिहावा लागतो. आपण कायद्याची वाट कशाला बघायची, साधा कागद तर हवा. नोंदणी नंबरही मागा, भारतात २०१६ च्या रेरा कायद्यानुसार (बिल्डर आणि एजंटांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) नोंदणीकृत प्रोजेक्टमधली घरं विकणाऱ्या एजंटला नोंदणी सक्तीची आहे, इतर बऱ्याच देशांत लायसन्स लागतं.

विकणाऱ्यांनी तर करार दोनदा वाचावा. एक करार असा असतो की गिऱ्हाईक तुम्ही स्वतः शोधलं तर कमिशन लागत नाही, आणि दुसऱ्यात तुमच्या सख्ख्या भावाने घर घेतलं तरी एजंटला पैसे द्यावेच लागतात. दोन्हींची नावं ऐकायला सारखीच, आणि सही करताना कोण बघतंय. मुदत संपल्यावरही एजंटने आणलेल्या माणसाने नंतर घर घेतलं तर कमिशन द्यावं लागेल असं कलम बऱ्याचदा असतं, ते किती महिन्यांचं आहे ते बघा. आणि तीन एजंट बोलावले तर सगळ्यात जास्त किंमत सांगणाऱ्यावर भाळू नका, काम मिळवण्यासाठी आकडा फुगवायचा आणि दोन महिन्यांनी "मार्केट थंड आहे, थोडं कमी करा" म्हणायचं ही जुनी युक्ती आहे. त्यापेक्षा त्याने याआधी विकलेली घरं किती दिवसांत गेली, मागितलेली किंमत काय आणि मिळाली काय, हे विचारा, काम करणारा एजंट लगेच सांगतो.

तर विनंती एवढीच की या पानावर एकदा एजंटसोबतच्या कराराचा नमुना छापा, कर्जाचा फॉर्म समजावता तसा एकेक कलम घेऊन.

आपली,
एक वाचक