‘थेट मालक’ योजनेचे 2,999 रुपये परत मिळण्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

दिनांक : 12 मे 2025

विषय : भाड्याच्या घरांच्या मालकांचे नंबर थेट देणारी, 28 मार्च रोजी घेतलेली तुमची ‘थेट मालक, ब्रोकरेज शून्य’ योजना

महोदय,

आम्ही मायलेकी कोथरूडला डहाणूकर कॉलनीत सहा वर्षं भाड्याने राहतो. इमारत रीडेव्हलपमेंटला चालली आहे, 31 मेपर्यंत जागा रिकामी करायची आहे. मालकांना बिल्डर दरमहा भाडं देणार, आम्हाला टेम्पोचे पैसेसुद्धा खिशातूनच घालायचे. त्यात आजूबाजूच्या सोसायट्याही पाडायला निघाल्यामुळे तिथले लोक याच गल्ल्यांत घर शोधताहेत, आणि बिल्डरच्या पैशांवर घर घेणारा घासाघीस कशाला करेल? माझं बजेट 18,000. आईच्या गुडघ्यांमुळे तळमजला किंवा लिफ्ट हवी, आणि मी डेक्कनला मेट्रोने जाते म्हणून वनाज किंवा आनंदनगर स्टेशन चालत गाठता यावं, एवढीच अपेक्षा होती.

एजंट एक महिन्याचं भाडं घेतो. त्या मानाने तुमचे 2,999 स्वस्त वाटले, म्हणून भरले.

पहिलंच घर पसंत पडलं. मयूर कॉलनी, वन बीएचके, 17,000, हिरवी ‘व्हेरिफाइड’ खूण, आणि खाली ‘3 दिवसांपूर्वी’ असा शिक्का. ओट्याचा फोटो आईला दाखवायला मोठा केला, तर फ्रिजच्या बाजूला कॅलेंडर लटकलेलं. पान मार्च 2021 चं. चार वर्षं जुना फोटो तीन दिवसांपूर्वीचा म्हणून दाखवता आणि वर पडताळणी केली म्हणता! नक्की कोणी, काय पडताळलं, हे मला लेखी कळवावं. त्या नंबरवर उत्तर मिळालं, “ते गेलं मॅडम. तसंच दुसरं आहे, 23 पर्यंत. थोडं बजेट वाढवा ना.”

महिनाभरात तुम्ही मला ‘मालकां’चे 14 नंबर उघडून दिलेत. त्यातले नऊ एजंट निघाले. तीन घरं कधीच गेलेली होती, एक नंबर चुकीचा होता. खरा मालक एकच भेटला, आणि 17,000 च्या जाहिरातीवर त्यांनी 24,000 सांगितले. नऊ एजंटांपैकी एकाने घर नुसतं दाखवायचे 500 रुपये मागितले. दुसरा एक तर तीन वेगवेगळ्या नावांच्या तीन नंबरांवर भेटला. तिसऱ्या वेळी त्यानेच मला आवाजावरून ओळखलं, “काय मॅडम, अजून नाही मिळालं?” त्याची पडताळणी माझी मीच केली म्हणायची. शिवाय माझा नंबर कुठे कुठे गेला कोण जाणे, पॅकर्स-मूव्हर्सपासून गृहकर्जवाल्यांपर्यंत रोज फोन येतात. 18,000 भाड्याचं घर शोधणाऱ्या बाईला गृहकर्ज!

5 एप्रिलला तक्रार केली. दोन मिनिटांत पोच आली, त्याबद्दल तक्रार नाही. पुढे मात्र काहीच नाही. कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे, “सिस्टीममध्ये अव्हेलेबल दाखवतंय.” 27 एप्रिलला योजनेची मुदत संपली आणि त्याच संध्याकाळी ‘फक्त 999 मध्ये मुदत वाढवा’ असा मेसेज आला. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे तक्रारीचं निवारण एका महिन्यात व्हायला हवं. तो महिना 5 मे रोजी संपला.

घर मिळालं आहे. आमच्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या काकांना कर्वेनगरमधलं एक घर रिकामं होणार असल्याचं माहीत होतं. तळमजला, 17,500. मेट्रो लांब पडते, पण निभेल. काकांनी पैसे घेतले नाहीत, पेढे घेतले. हे मुद्दाम लिहिते, कारण परवा तुमच्या प्रतिनिधीने फोनवर ‘घर मिळालं ना मग?’ असं विचारलं. मिळालं, पण तुमच्यामुळे नाही. ‘यशस्वी ग्राहक’ म्हणून माझी नोंद करू नये.

माझे 2,999 रुपये ज्या खात्यातून आले त्याच खात्यात परत करावेत, माझा नंबर तुमच्या यादीतून आणि ज्यांना दिला त्यांच्याकडूनही काढून टाकावा, आणि मयूर कॉलनीची ती जाहिरात उतरवावी. 15 दिवसांत पैसे आले नाहीत तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (1915) आणि गरज पडल्यास जिल्हा ग्राहक आयोगात जाईन.

ती जाहिरात आज सकाळी पुन्हा पाहिली. कॅलेंडर तेच आहे, शिक्का आता ‘2 दिवसांपूर्वी’चा आहे.

आपली ग्राहक
(नाव व नोंदणीकृत मोबाइल क्रमांक सोबतच्या पावतीवर आहे)

सोबत : पैसे भरल्याची पावती, 14 नंबरांची यादी व कॉलची नोंद, कॅलेंडर दिसणाऱ्या फोटोचे दोन स्क्रीनशॉट