भेट दिलेली प्रयोगशाळा दुसऱ्या वर्षी कोणी चालवायची?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एखाद्या कंपनीने कारखान्याच्या परिसरातील शाळेला विज्ञान प्रयोगशाळा भेट दिल्याची बातमी वृत्तपत्रांत अधूनमधून वाचायला मिळते. छायाचित्रात फीत कापली जात असते आणि कडेला नवेकोरे अ‍ॅप्रन घातलेली मुले अवघडून उभी असतात. या उपक्रमांची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. विज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला अशा बातमीचा आनंदच होतो. मात्र त्याच प्रयोगशाळेची दोन वर्षांनंतरची बातमी माझ्या वाचनात क्वचितच आली आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

सूक्ष्मदर्शकाचेच पाहा. कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी दाखवायच्या तर सूक्ष्मदर्शकाखेरीज काचपट्ट्या, त्यांवर ठेवायच्या पातळ आच्छादक काचा आणि आयोडिनचे द्रावण लागते. आच्छादक काच नखाएवढी नाजूक. मुलांच्या हाती दिली की ती फुटणारच, आणि ती फुटत नसेल तर मुलांना काही करायला मिळालेले नाही असे खुशाल समजावे. काचांचा डबा संपला की सूक्ष्मदर्शक कपाटात जातो, आणि दमट पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरली की तो कायमचाच तिथे राहतो. ब्युरेट (द्रव मोजून थेंबाथेंबाने सोडायची तोटीची काचनळी) न धुता तिच्यात अल्कलीचे द्रावण तसेच राहिले, तर तिची काचेची तोटी घट्ट बसते आणि पुढच्या वर्षी जोर लावून फिरवताना तुटते. ही सारी किरकोळ खर्चाची आणि दहा-पंधरा मिनिटांच्या देखभालीची कामे आहेत, पण ती कोणी करायची हे भेट देताना कोणीच ठरवलेले नसते. शिवाय महागडी वस्तू शाळेच्या टिकाऊ सामानाच्या, म्हणजे जडवस्तू नोंदवहीत चढली, की तिच्या मोडतोडीचा जाब शिक्षकाला द्यावा लागेल ही धास्ती असते. एका देणगीदाराने दिलेले दोन उत्तम सूक्ष्मदर्शक मी स्वतः जवळजवळ वर्षभर कुलपात ठेवले होते, हे कबूल करायला आज संकोच वाटतो.

कंपन्यांकडून यावर मिळणारे उत्तर असे, की सामाजिक उत्तरदायित्वाचा निधी आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी खर्च करायचा असल्याने साहित्य खरेदी करणेच सोयीचे पडते. ते पूर्णतः पटण्यासारखे नाही. कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५ नुसार, ज्या कंपनीची निव्वळ संपत्ती ५०० कोटी रुपये, उलाढाल १००० कोटी रुपये किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजोपयोगी कामांवर खर्च करायची असते, आणि ती करताना आपल्या कामकाजाच्या परिसराला प्राधान्य द्यायचे असते. परंतु २०२१ पासून लागू झालेल्या सुधारित नियमांनुसार, ‘चालू प्रकल्प’ म्हणून हाती घेतलेले काम आरंभाचे वर्ष सोडून आणखी तीन वर्षांपर्यंत चालवता येते. म्हणजे दरवर्षी लागणारी रसायने व काचसामान, प्रयोगशाळा साहाय्यकाचे मानधन आणि शिक्षकांची उजळणी शिबिरे यांची तजवीज कायद्याच्या चौकटीत आजही होऊ शकते. अडचण असलीच तर ती वेगळी आहे: काचांच्या डब्यावर कोनशिला बसवता येत नाही.

शिक्षकाला सतत पाठबळ मिळाले तर साध्या साहित्यातही काय साधते, याचा दाखला आपल्याच देशात आहे. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १६ शाळांतून सहावी ते आठवीच्या मुलांसाठी प्रयोगांवर आधारलेला विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात टाटा मूलभूत संशोधन संस्था व दिल्ली विद्यापीठातील वैज्ञानिकही सहभागी झाले. शिक्षकांची प्रशिक्षणे, त्यांच्या मासिक बैठका आणि संपलेल्या साहित्याची भरपाई ही त्या कार्यक्रमाची अंगभूत व्यवस्था होती. २००२ साली राज्य शासनाने तो बंद केला. तरीही तीस वर्षे ही काही थोडकी नव्हेत.

कंपनीचे धोरण बदलले तरी काम थांबू नये, यासाठी ते चालवणारी संस्था कंपनीहून वेगळी असणेही आवश्यक आहे. अमेरिकेतील शालेय विद्यार्थ्यांची ‘सायन्स टॅलेंट सर्च’ ही स्पर्धा १९४२ मध्ये वेस्टिंगहाऊस कंपनीच्या पाठबळावर सुरू झाली. १९९८ मध्ये त्या कंपनीच्या जागी इंटेल ही कंपनी प्रायोजक म्हणून आली, २०१७ मध्ये रिजेनेरॉन. स्पर्धा भरवणारी ना-नफा संस्था मात्र तीच राहिली, त्यामुळे प्रायोजक बदलूनही खंड पडला नाही. (स्पर्धेत चमकणारी मुले मुळातच तयारीची असतात आणि माझी चिंता मागच्या बाकावरच्या मुलांची आहे, हा भाग निराळा.)

कारखान्यातील अभियंत्यांनी शाळेत येण्याच्या उपक्रमालाही हेच लागू पडते. वर्षातून एकदा टोप्या वाटून जाणाऱ्या पन्नास पाहुण्यांपेक्षा, दर पंधरवड्याला येऊन बंद पडलेला वीजपुरवठा संच मुलांसमोर उघडून दुरुस्त करणारा एक तंत्रज्ञ शाळेला अधिक उपयोगी पडेल.

आपल्याला एक विनंती आहे. अशा उद्घाटनाची बातमी छापताना देखभालीचा खर्च कोण आणि किती वर्षे उचलणार आहे, हेही वार्ताहरांनी विचारावे. आणि दोन वर्षांनी त्याच शाळेत पुन्हा जाऊन प्रयोगशाळेतील कपाट उघडून दाखवायला सांगावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक