‘थांबा’ म्हणताय, पण कुठलं पंचांग बघून?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत नवा कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप घेण्याबद्दल जे काही छापून येतं, त्याचा शेवट हल्ली ठरलेला असतो: ‘फार घाई नसेल तर थांबा, नव्या पिढीची चिप येते आहे.’ चिप म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, प्रोसेसर. यंदा, २०२६ च्या जानेवारीत, तेच वाक्य पुन्हा वाचलं आणि हे पत्र लिहायला घेतलं.

मी कराडला तहसील कचेरीजवळ डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान चालवते. आमच्या मामंजींचा खिळ्यांचा छापखाना होता. ट्रेडल गेलं, खिळे भंगारात गेले आणि त्या जागी कॉम्प्युटर आले. आता लग्नपत्रिका, फ्लेक्सची डिझाइनं, प्रतिज्ञापत्रं, विकास सोसायट्यांचे वार्षिक अहवाल असं सगळं चालतं. डिसेंबरात नगरपालिकेची निवडणूक झाली तेव्हा तर रात्री बारापर्यंत शटर वर असायचं. एकच उमेदवार, पण नमस्कार करणारा फोटो रोज वेगळा.

आमचं मुख्य मशीन चौथ्या पिढीचं आय५ आहे, म्हणजे इंटेलनं २०१३ साली आणलेल्या हॅसवेल घराण्यातल्या चिपचं. कोरल या डिझाइनच्या प्रोग्रॅममध्ये दहा बाय वीस फुटांचा फ्लेक्स उघडला की ते विचारात पडतं आणि गिऱ्हाईक आमच्याकडे बघत बसतं. तरी हे सगळं सोसलं असतं. पण विंडोज १० चा नेहमीचा आधार, म्हणजे कंपनीचा सपोर्ट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलची निदान आठवी पिढी आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. आमच्या मशीनला ते जमणारं नाही. मायक्रोसॉफ्टनं सुरक्षेचे अपडेट आणखी वर्षभर, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, द्यायचं कबूल केलंय. ते मी लावून घेतलेत. आमच्यासारख्या दुकानात हे अपडेट म्हणजे चैन नव्हे, गरज आहे. दिवसभर गावभरचे पेनड्राइव्ह मशीनला लागतात, आणि त्यातल्या निम्म्यांत फायलींबरोबर आणखी काय काय असतं ते देवालाच ठाऊक.

भाचा पुण्यात आयटीत आहे. तोही तुमच्या पुरवणीच्याच भाषेत बोलतो. म्हणाला, “मामी, जरा थांब, चांगलं काहीतरी येतंय.” मी विचारलं, काय येतंय? त्यानं सांगितलं ते खरंच होतं. इंटेलनं जानेवारीत लास व्हेगासच्या प्रदर्शनात कोअर अल्ट्रा सिरीज ३ आणली. १८ए नावाच्या नव्या प्रक्रियेनं बनवलेली ही चिप, आणि त्यासाठी अमेरिकेत ॲरिझोनात कारखाना उभा केलाय. काम कौतुकाचं आहे. पण ती लॅपटॉपची चिप. तिचा मोठा गुण म्हणजे बॅटरी जास्त टिकते आणि चिपमधलंच ग्राफिक्स दणकट आहे. माझं मशीन टेबलावरून हलत नाही, आणि आमच्याकडे बॅटरी म्हटली की ती इन्व्हर्टरची. टेबलावरच्या मशीनसाठी नोव्हा लेक नावाची चिप २०२६ च्या अखेरीला येणार, असं इंटेलनं सांगितलंय. ती आली की तिच्या पुढचीचं नाव फुटलेलं असेलच, आणि भाचा पुन्हा म्हणेल, मामी, जरा थांब.

एक काळ असा होता की थांबण्यात खरंच फायदा होता. नव्वदच्या दशकात ४८६ वर काम करणाऱ्यानं पेंटियम बघितला की त्याला स्वतःचं मशीन बंद पडल्यासारखं वाटायचं. आता एका पिढीतून दुसरीत जाताना तेवढी उडी नसते. इंटेलची स्पर्धक एएमडी. तिनं २०२४ मध्ये झेन ५ ही चिपची नवी बांधणी आणली तेव्हा तिनं स्वतःच सांगितलेली वाढ, त्याच घड्याळवेगाला, सरासरी १६ टक्के होती. कॉम्प्युटरवर जुळणी करून ठेवलेली लग्नपत्रिका सोळा टक्के लवकर उघडली म्हणून वधूपित्याचे चुका काढणं थांबत नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येते, कारण पुरवणीत याबद्दल कधी अक्षर दिसलं नाही. ‘नवी पिढी’ म्हणून आमच्या गावच्या काउंटरवर जे येतं, ते आतून नवं असतंच असं नाही. इंटेलच्या तेराव्या पिढीतला आय५-१३४०० घ्या आणि चौदाव्यातला १४४०० घ्या. दोन्हींत दहा कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, सहा मोठे आणि चार छोटे. कमाल वेग एकाचा ४.६ गिगाहर्ट्झ, दुसऱ्याचा ४.७. जो माणूस तेरावी सोडून चौदावीसाठी थांबला, तो या एका दशांशासाठी थांबला. पुढे इंटेलनं नावातला ‘आय’ काढला आणि २०२४ च्या सुरुवातीला कोअर ७ १५०यू आली. नाव कोरं करकरीत, आत तेराव्या पिढीची रॅप्टर लेकच.

एएमडीकडे तर अंकगणितच आहे. रायझन ५ ७५२०यू, ७५३०यू आणि ७६४०यू असे तीन लॅपटॉप शेजारीशेजारी ठेवले तर कुणालाही तिघी सख्ख्या बहिणी वाटतील. बघायचा असतो तिसरा अंक. तिथं २ असेल तर आतली बांधणी झेन २, जी २०१९ साली आली. ३ असेल तर झेन ३, २०२० ची. ४ असेल तर झेन ४, २०२२ ची. ही पद्धत कंपनीनं स्वतःच जाहीर केलेली आहे, लपवलेलं काही नाही. पण दुकानातला पोरगा पहिल्या ७ वर बोट ठेवतो आणि गिऱ्हाईकही तोच ७ वाचतं. त्यात ७५२०यू ला चालणारी रॅमच मुळात बोर्डावर पक्की बसवलेली असते. आठ जीबी घेतलीत तर मशीन मोडेपर्यंत आठच. यंदाच्या जानेवारीत आलेली रायझन एआय ४०० सुद्धा २०२४ च्या ३०० मधल्याच झेन ५ वर बेतलेली आहे. तेव्हा ‘४०० येतेय, ३०० घेऊ नका’ असं कुणी सांगितलं तर त्याला दोन्हींतला फरक विचारा. आणि ४०० आल्यावर ३०० उतरली असेल तर तीच घ्या.

दुसरी अडचण फक्त आम्हा डीटीपीवाल्यांची वाटेल, पण तशी ती नाही. भाच्यानं मध्येच स्नॅपड्रॅगनच्या लॅपटॉपचं नाव काढलं. दिसायला सुरेख, बॅटरी दिवसभर, आवाज नाही. पण ती चिप एआरएम जातीची, म्हणजे इंटेल-एएमडीहून वेगळ्या बांधणीची. साधे जुने प्रोग्रॅम तिच्यावर भाषांतर होऊन चालतात, पण ड्रायव्हरना, म्हणजे प्रिंटर किंवा लॉक चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमना, ती सवलत नाही. ड्रायव्हर त्या जातीसाठीच लिहिलेला लागतो. आमचं श्रीलिपी, म्हणजे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, जुनं, यूएसबीला लावायच्या चावीवर, म्हणजे लॉकवर, चालणारं, आणि त्या लॉकला ड्रायव्हर लागतो. पंधरा-वीस वर्षांच्या पत्रिका, अहवाल, शाळांची प्रशस्तिपत्रकं, सगळं जुन्या फॉन्टांत पडलंय. कुठल्याही मशीनवर वाचता येणारं युनिकोड नाही. लॉक चाललं नाही तर ती सगळी अक्षरं म्हणजे रांगोळी. माझ्यासारखे लोक सांगलीत असतील, लातुरात असतील, आणि कोर्टाबाहेर टाइपिंग करणारे तर प्रत्येक तालुक्याला आहेत. जुना प्रिंटर, जुना स्कॅनर, जुनं टॅलीचं लॉक हे ज्याच्याकडे आहे त्यानं नवी चिप बघण्याआधी आपल्या वायरी मोजाव्यात.

आणि रॅम. संपादक महोदय, तुमच्या ‘थांबा’वर मला खरा राग येतो तो इथं. आजवर थांबलं की मशीन स्वस्त व्हायचं, ही आपल्या सगळ्यांची सवय झाली होती. या खेपेला उलटं झालंय. जगातली बहुतेक रॅम तीनच कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरांना लागणाऱ्या मेमरीत त्यांना जास्त पैसा दिसतोय, म्हणून कारखाने तिकडे वळलेत. मायक्रॉननं तर गेल्या डिसेंबरात जाहीर केलं की ‘क्रूशियल’ नावानं तुमच्या-आमच्यासारख्यांना रॅम आणि एसएसडी (फिरणाऱ्या हार्ड डिस्कऐवजी बसवायची वेगवान डिस्क) विकायचा धंदाच आता बंद. दोन वर्षांपूर्वी मी दीड हजाराच्या आसपास घेतलेली आठ जीबीची रॅम आज त्याच पैशात विचारली तर आमचा असेंबलवाला हसतो. दुपटीच्या पुढं गेलीय. चिपसाठी थांबून जे सोळा टक्के मिळतील, त्याहून जास्त रॅम घेऊन जाईल. (जीएसटी कमी झाला तेव्हा कॉम्प्युटर स्वस्त झाले का, असं विचारायला कितीतरी लोक आले होते. मोठ्या टीव्हीवरचा उतरला. कॉम्प्युटरवरचा १८ टक्के होता तो १८ च राहिला.)

मग थांबूच नये का? थांबावं की. पण चिपच्या वेळापत्रकावर नको, स्वतःच्या कामाच्या वेळापत्रकावर. आमचा सीझन तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो. भर लग्नसराईत मशीन बदलायचं म्हणजे फॉन्ट, प्रिंटर, रंगांची जुळणी सगळं एकदम अंगावर घ्यायचं. पत्रिकेत नवरदेवाच्या आडनावाचा रफार उडाला तर लोक चिपची पिढी विचारत नाहीत. यंदा अधिक ज्येष्ठ आहे. १७ मे ते १५ जून या दिवसांत आमच्याकडे पत्रिकांचं काम जवळजवळ नसतं. म्हणून मी मशीन आत्ताच्या भावानं घेऊन ठेवलंय, आय५-१४४०० चं, सोळा जीबी रॅमचं. लॉक त्याच्यावर लावून बघितलं आणि ते चाललं, मगच पैसे मोजले. काम मात्र त्याच्यावर अधिक महिन्यातच हलवणार. जुनं मशीन मग नेट काढून, फक्त जुन्या फायलींसाठी कोपऱ्यात राहील, आणि त्याला कुणाचाही पेनड्राइव्ह लागणार नाही, अगदी भाच्याचाही.

आमच्या शेजारणीची मुलगी बारावीला आहे. तिला मी लॅपटॉप घेऊ नको म्हटलं. इंजिनिअरिंगला कुठल्या शाखेत नंबर लागतो ते कळू दे. मेकॅनिकलला गेली तर ग्राफिक्स बघावं लागेल, नाहीतर साधा पुरतो. आणि ज्यांच्या आठव्या-दहाव्या पिढीच्या मशीनमध्ये अजून फिरणारी हार्ड डिस्क आहे, त्यांनी आधी एसएसडी बसवून बघावी. तिचेही भाव चढलेत, तरी नव्या मशीनपेक्षा ती स्वस्तच. माझ्या दुकानात ज्यांनी ज्यांनी विचारून अशी एसएसडी बसवली, त्यातले बरेच नंतर कॉम्प्युटर घ्यायचं विसरून गेले.

तेव्हा विनंती एवढीच की पुरवणीत कुठल्याही मशीनबद्दल लिहाल तेव्हा खाली तीन ओळी टाकत चला. आतली बांधणी कुठल्या सालची आहे. रॅम नंतर वाढवता येते की बोर्डावर पक्की आहे. जुने प्रिंटर, लॉक, स्कॅनर चालतील का. ‘एआय पीसी’च्या बिल्ल्याला अर्धं पान देता, त्यातून या तीन ओळींची जागा सहज निघेल. तो बिल्ला काय करतो हे विचारायला माझ्याकडे अजून एकही गिऱ्हाईक आलेलं नाही. रॅम किती घेऊ, हे मात्र रोज कुणीतरी विचारतं.

आणि जाता जाता: ती पुरवणी आमच्या आवृत्तीत एक आठवडा येते, दोन आठवडे येत नाही. पेपरवाला म्हणतो, पुण्याहूनच येत नाही. त्याचंही जरा बघावं.

आपली नियमित वाचक,
एक डीटीपीवाली,
कराड, जि. सातारा