आईची दाढ आणि बाबांची कवळी

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

डॉक्टरांनी दोघांनाही ‘इम्प्लांट करून घ्या’ असं सांगितलंय, पण तुमचं दोघांचं दुखणं एक नाही. आईची खालची एकच दाढ गेलीय, शेजारचे दात धड आहेत. बाबांचे खालचे सगळेच दात गेलेत आणि बोलताना कवळी उचलली जाते. त्यामुळे एकाला जे योग्य ते दुसऱ्याला लागू होईलच असं नाही.

इम्प्लांट म्हणजे दात नव्हे, दाताचं मूळ. साधारण साडेतीन ते पाच मिलिमीटर जाडीचा आणि ८ ते १३ मिलिमीटर लांबीचा टायटॅनियमचा स्क्रू जबड्याच्या हाडात बसवतात. त्यावर जोडतुकडा येतो, त्याला अबटमेंट म्हणतात, आणि सगळ्यात वर कॅप. स्क्रूला कसलाही डिंक लावलेला नसतो. स्वीडनमधले ब्रोनेमार्क १९५० च्या दशकात सशांच्या हाडातला रक्तप्रवाह बघत होते. त्यासाठी बसवलेली टायटॅनियमची उपकरणं नंतर निघेनात, कारण हाड त्यांना घट्ट चिकटून वाढलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला असे स्क्रू बसवले. आजही सगळी भिस्त त्या चिकटण्यावरच आहे, म्हणून डॉक्टरांच्या हाताइतकाच तुमच्या हाडाचाही विचार करायला हवा.

आई, आधी तुझं. ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने मधला दात बसवणं, करायचा तर ते दोन चांगले दात कॅपसाठी घासून बारीक करावे लागतात, इम्प्लांटमध्ये त्यांना हात लागत नाही. त्या दोन दातांत आधीच मोठं फिलिंग किंवा वर कॅप असती, तर मी ब्रिजच सुचवला असता. तुझ्या बाबतीत अडचण वेगळी आहे. दात काढल्यावर पहिल्या वर्षात तिथल्या हाडाची रुंदी जवळजवळ निम्मी होऊ शकते, आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होते. साध्या एक्स-रेमध्ये हाडाची उंची दिसते, रुंदी दिसत नाही. म्हणून सीबीसीटी स्कॅन, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे, कर, त्यात काटकसर नको. खालच्या दाढांखालून ओठ-हनुवटीला संवेदना देणारी नस जाते. स्क्रूचं टोक आणि ती नस यांत २ मिलिमीटर तरी अंतर ठेवतात, शेजारच्या दातापासून दीड. नसेला धक्का लागला तर ओठ बधिर राहू शकतो, कधी कधी कायमचा.

हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून तू आठवड्याची गोळी घेतेस, ते पहिल्याच भेटीत सांग. ती गोळी, म्हणजे ॲलेन्ड्रोनेट, किती वर्षं चालू आहे हे त्यांना कळायलाच हवं, कारण या औषधांवर क्वचित जबड्याची जखम भरत नाही आणि हाड उघडं पडतं. गोळीमुळे इम्प्लांट होणारच नाही असं नाही. पण गोळी मनाने बंद करू नकोस. पुढे कधी हाडांसाठीच डेनोसुमॅबचं इंजेक्शन सुरू झालं तर त्याचा डोस परस्पर लांबवणं तर धोक्याचंच, त्याने मणके मोडू शकतात.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया तशी लहान असते. जागेपुरती भूल, आणि एका स्क्रूला तासाभराच्या आत काम होतं. एकामागून एक जाड होत जाणाऱ्या ड्रिलने भोक पाडतात आणि त्यावर सलाइनची धार सतत धरतात, कारण हाड ४७ अंश सेल्सिअसला मिनिटभर तापलं तरी मरतं आणि मेलेलं हाड स्क्रूला धरत नाही. टाके सात ते दहा दिवसांनी निघतात. खरी काळजी त्यानंतर घ्यायची. सुरुवातीला स्क्रू नुसत्या आवळण्याने घट्ट असतो. मग कडेचं जुनं हाड विरघळतं आणि नवीन अजून पक्कं झालेलं नसतं, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास पकड सगळ्यात कमी असते. नेमकं तेव्हा दुखणं थांबलेलं असतं आणि माणूस बिनधास्त त्या बाजूने चावायला लागतो. तसं करू नकोस. खालच्या जबड्यात दोन-तीन महिने, वरच्यात चार ते सहा महिने थांबून मगच कॅप बसवतात. जाहिरातीतले ‘एका दिवसात दात’ खोटे नसतात, पण स्क्रू बसवतानाच भरपूर घट्ट लागला आणि तात्पुरती कॅप चावण्यात येऊ दिली नाही तरच. दाढेसाठी ती घाई कशाला?

कॅप शक्यतो स्क्रूने आवळायची मागून घे, सिमेंटने चिकटवलेली नको. हिरडीखाली राहिलेलं सिमेंट दिसत नाही आणि महिनोन् महिने सूज धरून ठेवतं. शिवाय कॅप हलायला लागली तर स्क्रूची सहज काढून आवळता येते. हलणं बहुतेक वेळा वरच्या छोट्या स्क्रूचं असतं, पण तसंच चावत राहिलं तर तो आत तुटतो आणि मग काढणं जिकिरीचं. त्याच दिवशी फोन करायचा.

बाबा, तुम्हाला सगळे दात स्क्रूवर कायमचे बसवून घ्यायचा मोह होईल. माझं मत वेगळं आहे. खालच्या जबड्यात पुढच्या बाजूला, दोन्हीकडच्या नसा बाहेर पडतात त्यांच्या मधल्या भागात, हाड बहुधा शिल्लक असतं. तिथे दोन इम्प्लांट आणि त्यांवर टिचबटणासारखी बसणारी कवळी, एवढं पुरे. २००२ मध्ये मॉन्ट्रियलला जमलेल्या तज्ज्ञांनीही, खाली एकही दात नसलेल्यांसाठी पहिली पसंती म्हणून हीच पद्धत सुचवली होती. ही कवळी रोज रात्री काढायची आणि घासायची. स्क्रूवर कायमच्या बसवलेल्या दातांच्या पट्टीखाली ब्रश घालणं तुमच्या थरथरत्या बोटांना जमणार नाही, रागावू नका. कवळीच्या आतल्या नायलॉनच्या चकत्या झिजतात आणि पकड सैल होते. त्या बदलणं पाच मिनिटांचं काम आहे, त्याला बिघाड समजू नका.

शस्त्रक्रियेआधी एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी, सातच्या आसपास आणा. आठच्या वर असेल तर तारीख पुढे ढकला. रक्त पातळ करणारी गोळी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही चुकवू नका. दोन इम्प्लांटसाठी ती बहुधा थांबवावी लागतही नाही, टाके आणि दाबून धरलेला गॉज पुरतो. सिगारेट मात्र आठवडाभर आधीपासून आणि नंतर दोन महिने बंद. धुरामुळे हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो.

हे दोघांसाठी. इम्प्लांट किडत नाही, पण त्याच्याभोवतीची हिरडी सुजते आणि खालचं हाड झिजत जातं. खऱ्या दाताच्या मुळात हिरडीचे धागे रुतलेले असतात, टायटॅनियमभोवती ते नुसते लपेटलेले असतात, म्हणून जंतू लवकर खाली उतरतात. दुखत काहीच नाही. घासताना रक्त येणं हीच खूण. रोज मऊ ब्रश, आणि फटीत प्लॅस्टिकचं वेष्टन असलेल्या तारेचा छोटा ब्रश, उघडी तार नको. बाबा, तुम्ही कवळी काढल्यावर हिरडीतून वर आलेली दोन्ही बटणंही चारी बाजूंनी घासा. कॅप किंवा कवळी बसल्याच्या दिवशी एक एक्स-रे काढून ठेवायला सांगा, पुढच्या सगळ्या एक्स-रेंची तुलना त्याच्याशी होते.

आणि प्रत्येक इम्प्लांटच्या डबीवर कंपनी, माप आणि लॉट नंबर लिहिलेला स्टिकर असतो. तो फाइलला चिकटवून घ्या. प्रत्येक कंपनीचा पेचकस आणि जोडतुकडा वेगळा असतो. दहा वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांकडे जावं लागलं तर ते पहिल्यांदा तेच विचारतील.

आई, तुझ्या आणि बाबांच्या सगळ्या गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो काढून पाठव, नाव आणि मिलिग्रॅम वाचता येतील असे. शेवटचा एचबीए१सीचा रिपोर्टही. स्कॅनला जाण्याआधी मला ते बघायचंय.

तुमची,
लेक